भाजीचा टांगा आणि भिंतीमागची रिक्षा

जालन्यातल्या आमच्या कॉलनीत भाजीचा टेम्पो येऊ देत नाहीत, हातगाडीही नाही. येतो तो फक्त एका आजोबांचा टांगा. शहरातली ही जुनी पद्धत जपायची, असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. लोक घोडीसोबत मुलांचे फोटो काढतात.

मला मात्र त्या टांग्याचा संशय यायचा. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे बघायला वेळ मिळतो. टांग्यात चारच पाट्या, त्याही अर्ध्या. आमच्या गल्लीत मेथी संपायची आणि पुढच्या गल्लीत पुन्हा मेथीचा ढीग. मधे आजोबा मागच्या भिंतीकडे जाऊन यायचे.

एका सकाळी मीही तिकडे गेले. भिंत पडलीय तिथे बाहेर लोडिंग रिक्षा उभी होती. आजोबांची सून तिच्यातली वांगी टांग्यात भरत होती.

"काय पाहून राह्यली गं?"

"तुम्ही माल रिक्षातून आणता?"

"मंग? डोक्यावर आणू?" ती हसली आणि तिने लगेच इकडेतिकडे पाहिलं. "घोडीचे गुडघे गेले. वजन ओढवत न्हाई तिला, म्हणून थोडं थोडं भरतो. माल आमच्याच शेतातला हाय, बिलकुल. कोणाला सांगू नको बाई. टांगा बंद झाला तर आमचे मामंजी अंथरूण धरतील."

आजोबा घोडीचा पाय चोळत राहिले. गुडघा खरंच सुजलेला होता. पण रिक्षात मागे मार्केटमधले असतात तसले प्लास्टिकचे क्रेटही होते. शेतातल्या मालाचं मला खरं वाटलं नाही.

रविवारी कॉलनीची मीटिंग झाली. सेक्रेटरी काका म्हणाले, "टांगा नुसता देखावा आहे, माल टेम्पोतून येतो, असं कानावर आलंय. तसं असेल तर उद्यापासून बंद."

"हिला विचारा," शेजारच्या काकू म्हणाल्या. "दिवसभर गॅलरीत असती. पण इंग्रजी शाळेची पोरगी, तोंड उघडायची फी लागती!"

सगळे हसले आणि माझ्याकडे बघू लागले.

"मी गेले होते मागे," मी म्हणाले. "आजोबा तिथे घोडीला पाणी पाजतात."

टांगा राहिला.

सुनेला हे सांगायला मी दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी गेले. रिक्षा नव्हती. थोड्या वेळाने टांगा फाटकातून आला, तो पाट्या शिगोशीग भरून. मी सांगणारच असं धरून त्यांनी सगळा माल बाहेरच चढवला होता. आमच्या गल्लीच्या चढावर घोडी दोनदा थांबली.

"आजोबा, मी कोणाला काही बोलले नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मेथी किती जुड्या देऊ?"

सगळ्याच द्या, असं ओठांवर आलं होतं. मी चार घेतल्या. आमच्या घरी एक पुरते.