कल्याणचे पाणबुडे

"बिचारा म्हनू नका. पानबुड्या म्हना."

विहिरीच्या काठावर जमलेल्या बायकांपैकी कोणी हळहळली की पाणबुडे एवढंच म्हणत. आवाज चढवत नसत. कमरेला दोराची गाठ मारता मारता म्हणत, पायाने काठाचा दगड चाचपत आणि पाण्यात उतरत.

कल्याणात तेव्हा घरोघरी विहिरीचंच पाणी. शेंदताना कधी दोर तुटे, कधी गाठ सुटे आणि तांब्याची घागर तळाला जाई. गळ टाकून निघाली तर बरं, नाहीतर खाडीकडच्या कोळ्यांच्या वस्तीतून यांना बोलावणं धाडायचं. ते बुडी मारत आणि मग पाण्यावर काही नसे. काठावरची माणसं आपलाच श्वास धरून उभी राहत. बऱ्याच वेळाने आधी घागर वर येई, मागून त्यांचं डोकं. चेहराभर देवीचे खोल वण आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरे डाग.

मी त्यांना प्रथम पाहिलं ते असंच, एका वकिलांच्या परसात. डोळ्यांवाचून घागर सापडते कशी, असं मी विचारलं. त्यांनी तोंडावरचं पाणी निपटलं आणि म्हणाले, "चिखलात उतरल्यावर तुमाला तरी काय दिसतं?"

याच वकिलांकडची आणखी एक गोष्ट सांगतो, म्हणजे माणूस तुमच्या लक्षात येईल. पुढे एकदा ते तिथे घागर काढायला उतरले आणि घागरीबरोबर एक चांदीची वाटीही वर घेऊन आले. दोन वर्षांपूर्वी ती वाटी हरवली होती आणि चोरीचा आळ घेऊन भांडी घासणाऱ्या बाईला घालवून दिलं होतं. हे सगळ्या आळीला ठाऊक होतं, त्यांनाही. वकिलांनी वाटीसाठी हात पुढे केला. यांनी ती मुठीत धरली आणि काठावर बसून राहिले. आधी त्या बाईच्या घरी निरोप जाऊ दे, मग वाटी देतो, म्हणाले. ओल्या अंगाने, थंडीत, ते तसेच बसले. बाई आली. वकिलांच्या पत्नीने तिच्यासमोर चूक कबूल केली. मग यांनी वाटी ओट्यावर ठेवली आणि घरी निघून गेले.

मी त्या वेळी कल्याण तालुक्यात देवी टोचण्याच्या कामावर नवा होतो. लोक आम्हाला टोचणीवाले म्हणत. गावात आमची चाहूल लागली की दारं लागायची, आया पोरांना कणगीत लपवायच्या. सरकार पोरांच्या दंडावर छाप मारतं, असं कोणी म्हणे. देवीच्या कामात हात घातला तर ती गाव उजाड करील, असं कोणी म्हणे. समजावून माझा घसा बसे आणि हाती दोन-चार पोरं लागत.

अशात मला एक युक्ती सुचली. या माणसाला बरोबर न्यावं, गावोगाव चावडीवर उभं करावं आणि सांगावं, बघा, टोचलं नाही तर काय होतं. मला ती युक्ती फार नामी वाटली होती, हे लपवत नाही. मी त्यांच्या घरी गेलो. वयाने ते मला वडिलांसारखे, तरी मी तेव्हा त्यांना अरे-तुरे करत असे. तुझा चेहरा पाहिला की माझं निम्मं काम होईल, असं मी बोलून गेलो.

ते दारात बसून दोर वळत होते. हात थांबले नाहीत.

"तुमी लोकांना सांगनार, याचं वाटोलं झालं बघा," ते म्हणाले. "माझं वाटोलं झालं, ह्ये तुमाला कोनी सांगितलं?"

आत त्यांची बायको चुलीशी होती. तिने भाकरी थापायची थांबवून माझ्याकडे पाहिलं. तिच्याही डोळ्यांत राग नव्हता. मी कुठे बघावं हे मला कळेना. घर नेटकं होतं. भिंती त्यांनी स्वतः लिंपल्या होत्या, छप्परही स्वतः शाकारलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी पायरी उतरलो तेव्हापासून त्यांना तुम्ही म्हणू लागलो.

पुढच्या हिवाळ्यात आंबिवलीच्या पलीकडे, काळू नदीच्या काठच्या एका गावात देवी आल्या. तीन मुलं गेली. एक पाच वर्षांची मुलगी वाचली, पण तिचे डोळे गेले. मी दोनदा जाऊन हात हलवत परत आलो. पाटील भला माणूस होता, पण तोही म्हणाला, आता देवीला हवं ते तिने नेलं, पुन्हा डिवचू नका.

ही बातमी कल्याणात पसरली. एके सकाळी पाणबुडे काठी टेकत माझ्या बिऱ्हाडी आले. ती मुलगी खरोखरच आंधळी झाली का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी काठी दाराशी टेकवून ठेवली. मग म्हणाले, मी येतो, पण माझ्याबद्दल तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही; जे बोलायचं ते मी बोलेन.

आम्ही बैलगाडीने गेलो. पाटलाच्या अंगणात लोक जमले, ते टोचून घ्यायला नव्हे, तर पाण्याखाली जाणारा आंधळा बघायला. एवढ्या नजरा आपल्या वणांवर फिरताहेत, हे त्यांना दिसत नसलं तरी कळत असणारच. ते ताठ उभे राहिले.

"माझे डोले गेले म्हनून पोरांना टोचून घ्या, असं मी सांगनार नाय," ते म्हणाले. "डोल्यांवाचून मी जगलो. घर बांधलं, लगीन केलं, कोनाच्या दारात हात पसरला नाय. पन माझ्या दोन भैनी होत्या. मी उठलो, त्या उठल्या नाय. आज त्या असत्या तर सनाला माहेरी आल्या असत्या, माझ्याशी भांडल्या असत्या. त्यांच्यासाठी सांगतो. टोचून घ्या."

अंगणात कोणी हललं नाही. सगळ्यांत मागे एक बाई उभी होती, काखेत तान्हा मुलगा आणि पदराला धरून ती आंधळी झालेली मुलगी. गावकऱ्यांनी त्या बाईला सांगून टाकलं होतं की ही पोर आता घरावर ओझं. बाई तिथूनच म्हणाली, "आन हिचं काय व्हईल?"

आवाज आला त्या दिशेला त्यांनी मान वळवली. पोरीला माझ्याकडे पाठव, म्हणाले. बाई तिला उचलायला वाकली. पदर सळसळलेला त्यांनी ऐकला असावा.

"उचलू नको. चालत येऊ दे."

ती पोर आजारपणातून उठल्यापासून आईचा पदर सोडून एक पाऊलही चालली नव्हती म्हणे. ती रडू लागली. पाणबुडे तिला हाका मारत राहिले, लाडाने नव्हे, मोठ्या माणसाला बोलावतात तशा. हात पुढे कर, पाय घासत टाक, असं सांगत राहिले. लोकांनी वाट मोकळी केली. मध्येच एका दगडाला अडखळून ती पडली. दोघं-तिघं पुढे धावले. यांनी नुसता हात वर केला आणि ते थांबले. पोर आपली आपण उठली. गुडघा खरचटला होता. पाय घासत घासत ती आली आणि तिचा हात त्यांच्या धोतराला लागला.

ते खाली बसले. तिच्या डोक्यावर तळवा ठेवून तिच्या आईला म्हणाले, "आली का नाय?"

बाई रडत होती. रडतच ती पुढे आली आणि काखेतला मुलगा तिने माझ्यासमोर धरला. त्या गावात मी टोचलेला तो पहिला दंड. दिवस कलेपर्यंत माझी टोचणी थांबली नाही. पाणबुडे पडवीत त्या मुलीला शेजारी बसवून अंबाडीची दोरी कशी वळायची ते शिकवत होते. घर ते विहीर असा एक दोर बांधून दे, म्हणजे पोर पाणी आणील, असं त्यांनी तिच्या बापाला बजावलं. पुढे वर्षातून दोन खेपा तरी ते तिच्यासाठी तिथे जात.

मीही जात असे, टोचायला. दर वर्षी परत आलो की त्यांचा एकच प्रश्न, त्या गावात देवीने औंदा किती गेले?

पण इतकी वर्षं पाण्याखाली काढली, त्याची किंमत त्यांच्या कानांनी दिली. आधी कान वाहू लागले, मग ऐकू कमी येऊ लागलं. बायकोने विहिरीत उतरायचं सोडा म्हणून फार विनवलं. त्यांनी सोडलं नाही. ज्या माणसाचं सगळं जग कानांत होतं, त्याला ते काम हळूहळू बहिरं करत होतं, आणि हे त्यांना आमच्यापेक्षा आधी कळलं असणार. मला एकदाच म्हणाले, रात्री आता खाडीचं पाणी ऐकू येत नाही.

माझी बदली ठाण्याला झाली. तिथे टेंभीला बिऱ्हाड केलं, संसार वाढला, कल्याणला जाणं विरळ झालं. ते गेल्याचं मला तिथेच कळलं, तेही उन्हाळा उलटून गेल्यावर. त्याच्या आदल्या वर्षी आमची शेवटची भेट झाली, तेवढी सांगतो.

ते दारातच बसले होते. दोर वळणं चालू होतं. आता त्यांना मुळीच ऐकू येत नव्हतं. बायकोने त्यांच्याशी बोलायची स्पर्शाची भाषा केली होती. पाठीवर थाप म्हणजे जेवण, खांद्याला दाब म्हणजे कोणी आलंय. तिने खांदा दाबला आणि त्यांचा हात धरून माझ्या दंडावर ठेवला, टोचतात त्या जागी. त्यांनी ओळखलं. चेहरा उजळला. आणि लगेच, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे जरा मोठ्यानेच, त्यांनी विचारलं, "औंदा किती गेले?"

त्या वर्षी त्या गावात कोणी गेलं नव्हतं. तालुक्यात माझ्या जागी आलेल्या माणसाला मी मुद्दाम विचारून आलो होतो, यांना सांगायचं म्हणून. पण ते सांगू कसं? मला सुचलं ते केलं. माझा रिकामा पंजा त्यांच्या हातात दिला, काही नाही असं दाखवायला.

त्यांनी माझी बोटं एकेक करून चाचपली. चेहरा पडला.

"पाच?"

मी नाही, नाही म्हणत राहिलो, ते कोणाला ऐकू जाणार होतं? मग मी त्यांचाच हात धरला. दोर वळून राठ झालेली त्यांची बोटं मी एकामागून एक मिटवली, अंगठाही मिटवला, आणि ती मूठ माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवली.

दुसऱ्या हाताने त्यांनी माझ्या हातांतली ती मूठ चाचपली.

"एकपन नाय," ते म्हणाले.