चार चौकोनांचा कोपरा

कचेरीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळे तिला चौकटमावशी म्हणायचे. कामच तसं होतं तिचं. सगळ्या प्रदेशाचे एकेक किलोमीटरचे चौकोन पाडायचे. मग उतार किती, माती कशी, झाडी किती, पाणी कुठे मुरतं हे बघून एकेका चौकोनाला रंग द्यायचा. लाल म्हणजे नाजूक जमीन, हात लावायचा नाही. हिरवा म्हणजे खुशाल रस्ता काढा, कारखाना उभारा. मोठमोठी माणसं तो नकाशा टेबलावर पसरून निर्णय घ्यायची आणि अकरा वर्षांत त्यावर कुणी ब्र काढला नव्हता. मावशीने दिलेला रंग म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!

बाकीचे खुर्चीत बसून नकाशे करायचे. मावशी मात्र सही करण्याआधी पायी जाणार म्हणजे जाणारच. निवृत्तीला सहा महिने उरले होते, गुडघे कुरकुरत होते, घरी थोरला भाऊ डोकं खात होता, "अगं, आता तरी बूड टेकव!" पण ऐकेल तर शपथ. चौकोनाच्या बरोबर मध्यावर जाऊन उभं राहायचं, चहूकडे बघायचं, वहीत लिहायचं, ही तिची पद्धत. नेहमी मध्यावर. आणि बाई तिथेच फसली.

त्या उन्हाळ्यात डोंगरावर दगडाची खाण काढायचं घाटत होतं. जागा होती एकमेकांना चिकटलेल्या चार हिरव्या चौकोनांची. गुरुवारी बैठक, म्हणून मंगळवारी मावशी डोंगरावर. पहिला मध्य झाला. शेजारच्या चौकोनाकडे जाणारा साकव मोडून पडलेला, म्हणून ती तिरकी, कोपऱ्यावरून पलीकडच्या चौकोनाकडे निघाली. गवत सुकून कोळ झालं होतं, पायाखाली कुरकुर वाजत होतं. आणि एकाएकी तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

"अगं बाई!"

खाली पाणी होतं. मान वर करून बघते तर समोर लांबच लांब ओलंचिंब शेवाळ पसरलेलं. तिने मूठभर शेवाळ उचलून दाबलं, तर पाण्याची धार कोपरापर्यंत ओघळली. पुन्हा दाबलं, पुन्हा धार. अहो, सगळा डोंगर भाजून निघालेला आणि इथे जमीन पाणी धरून बसलेली! ती तिथेच मटकन बसली. कान लावला तर खालून पाणी चालल्याचा आवाज. कडेकडेने फिरली, तर चार बाजूंनी चार झरे निघालेले, चार दिशांना. मावशीच्या अंगावर काटा आला.

तिने हातातल्या यंत्रावर जागा पाहिली. चारही चौकोनांचा कोपरा नेमका इथे येत होता. प्रत्येक चौकोनाचा जेमतेम दहावा हिस्सा पाणथळ. आणि नियम असा, की चौकोनाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी पाणथळ असेल तर ती मोजायचीच नाही. म्हणजे चारही चौकोनांनी एवढं मोठं पाणी सोडून दिलं होतं. नियम कुणी केला होता? हिनेच!

एक झरा धरून ती खाली उतरत गेली. दुपार कलली तेव्हा झऱ्याचा ओढा झाला होता, आणि ओढा जाऊन पोचला थेट शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघराशी. पंपघराच्या भिंतीला वही टेकवून तिने तिथेच सगळं लिहून काढलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या समोर बसून तिने नकाशावरची जाळी अर्धा चौकोन वर आणि अर्धा चौकोन बाजूला सरकवली. चार हिरव्यांच्या मध्ये एक लालभडक चौकोन उमटला. पण तेवढ्यावर थांबलं नाही. इतरही ठिकाणी रंग बदलले. काही लाल हिरवे झाले, काही हिरवे लाल.

साहेबांचे डोळे पांढरे झाले. "मावशी, मग खरा नकाशा कुठला?"

"दोन्ही अर्धे खरे. दोघांचं जिथे पटत नाही, तिथे पायांनी जाऊन बघायचं. अशा त्रेचाळीस जागा आहेत."

साहेब वयाने लहान, मनाने चांगला. दार लावून घेत म्हणाला, "दुरुस्तीच्या कागदावर संगणकाची चूक म्हणून लिहू. सहा महिन्यांसाठी तुमच्या नावाला बट्टा कशाला?"

"संगणकाची म्हटलं, की तपासायला महिना लावतील. तोवर सुरुंग लागलेले असतील. नियम माझा, चूक माझी. आण तो कागद इकडे."

चूक कोणाची, या रकान्यात तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं. गुरुवारी बैठकीत एक जण तोंडावर म्हणाला, "अकरा वर्षं झोपला होता काय?" मावशी म्हणाली, "हो, साहेब." त्या डोंगरावरची खाण रद्द झाली.

घरी आल्यावर भावाने नळाखाली पेला धरला आणि भरून तिच्या हातात दिला. ती पिईना. नुसती पेल्यात बघत राहिली.

"काय गं, गाळ आहे का?"

"नाही रे दादा," ती म्हणाली. "याच पाण्यावर मी हिरवा रंग दिला होता."