शिबिराचा कॅमेरा

"राजाराम, हा हातातून पडला तर?"

"बाई, कॅमेरा कोणी पाडायला घेत नाही."

"माझ्या मुली घेतात," वनमालाबाई सावंत म्हणाल्या आणि स्टुलावर जरा सरकून बसल्या. मुलुंडच्या पाच रस्त्यावरच्या त्या फोटो स्टुडिओत बसायला एवढं एकच स्टूल होतं, आणि ते मिळालं म्हणूनच त्या एवढा वेळ चौकशी करत राहिल्या होत्या. उभ्या असत्या तर पहिलाच कॅमेरा घेऊन घरी गेल्या असत्या.

राजारामने काचेवर तीन कॅमेरे मांडले होते. पहिला देशी, साबणाच्या वडीएवढा, काडेपेटीसारखा हलका. बाईंनी त्याची दोरी बोटाला गुंडाळून नुसती ओढून पाहिली, तर ती हुकातून निघून हातात आली. तो त्यांनी बाजूला सारला. दुसरा जुना, लोखंडी, कोणीतरी विकायला ठेवलेला. त्याला सेल लागत नव्हता. समोरच्या माणसाचं अंतर डोळ्यांनी मोजायचं, भिंगाभोवतीचं कडं तेवढं फिरवायचं, ऊन बघून दुसरं कडं फिरवायचं, मग बटण दाबायचं. तिसरा पिवळाधमक, रबरी कडांचा, परदेशातून कोणीतरी आणलेला. पाण्यात बुडाला तरी चालतो म्हणे. बाकी सगळं तो आपलं आपण करायचा, पण एका वेगळ्याच सेलवर.

"तो सेल इथे मिळतो?"

"मुलुंडात नाही. फोर्टात मिळतो, कधी कधी."

"म्हणजे येऊरच्या जंगलात सेल संपला की हा झाला खेळणं." बाईंनी लोखंडी उचलला. हाताला वजन लागलं. लेझीम शिकवताना दोन मुलींत किती फूट जागा सोडायची हे त्यांना वर्षानुवर्षं न मोजता कळत होतं, तेव्हा कडं फिरवणं काही अवघड नव्हतं. "हा म्हणजे दगड आहे. याला काही होणार नाही."

मराठी आणि कवायत असे दोन विषय शिकवणाऱ्या वनमालाबाई दर डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत शाळेतल्या गाइडच्या मुलींना येऊरला तंबूत राहायला नेत. चार दिवसांचं शिबिर. शेकोटी, गाठी मारायला शिकणं, ओढ्यावर भांडी घासणं. भांडुप-मुलुंडच्या चाळींतल्या आया मुलीला रात्री घराबाहेर पाठवायला सहजी तयार होत नसत. पण शाळेच्या व्हरांड्यात मागच्या शिबिराचे फोटो लावले की त्या येऊन निरखून बघत. बाई शेजारी आहेत ना, मुली एका ओळीत झोपल्यात ना, एवढं बघितलं की सही करत. मागच्या वर्षी कोणाचा तरी कॅमेरा मागून नेला होता. दव लागू नये म्हणून एका शहाण्या मुलीने तो तांदळाच्या गोणीत नीट खुपसून ठेवला. आतून तांदळाची भुकटी निघाली आणि दोन जिवंत किडेही. कॅमेऱ्याचा मालक तेव्हापासून बाईंना पाहून रस्ता ओलांडत होता. यंदा शकु नावाच्या जुन्या विद्यार्थिनीने मस्कतहून पैसे पाठवले होते. ती तिथे नर्स होती. 'बाई, दणकट घ्या, पुढची दहा वर्षं शिबिरात चालला पाहिजे,' असं तिने कळवलं होतं.

दहा वर्षं या शब्दांनीच वनमालाबाईंना दमायला झालं होतं. यंदा शिबिराला जायचं नाही, हे त्यांनी गणपतीतच मनाशी ठरवलं होतं. जमिनीवर झोपून उठायला आता दोन मुलींचे हात लागत. मागच्या वर्षी तर पहाटे शिट्टी वाजवायला उठल्या आणि तंबूच्या खांबाला धरून तशाच उभ्या राहिल्या, पाऊल पुढे टाकवेना. पण हे सांगायचं कोणाला? मुख्याध्यापिका लताबाईंना सांगावं, तर त्या शिबिर बंद करायला निमित्तच शोधत होत्या. साप, ताप, वर्तमानपत्र, सगळ्याची त्यांना भीती. दुसरं कोणी न्यायला तयार असेल तरच शिबिर टिकणार होतं. आणि असं कोणी म्हणजे एकटी अनुपमा, दोन वर्षांपूर्वी लागलेली भूगोलाची शिक्षिका, मागच्या शिबिराला बाईंसोबत आलेली. तिला अजून विचारायचा धीर झाला नव्हता. ती नाही म्हणाली तर मग काय, हा प्रश्न होताच.

राजारामने लोखंडी आणि पिवळा असे दोन्ही कॅमेरे दाखवायला म्हणून दिले. "मोठ्या बाईंना बघू दे. दसरा झाला की सांगा."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत सरस्वतीपूजन असे. टेबलावर पुस्तकं, पेटी, लेझमी, पृथ्वीचा गोल. लताबाईंनी दोन्ही कॅमेरे मागवून घेतले आणि मधोमध ठेवले. नवी वस्तू पूजेशिवाय कशी वापरायची? पूजा करताना हात आखडता घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. फुलाने पाणी शिंपडलं, गंध लावलं, वर चिमूट चिमूट हळद, कुंकू, अक्षता. पिवळ्याच्या तर नेमक्या डोळ्यावर कुंकू.

"मोठ्या बाई, काचेवर नको," अनुपमा मागून म्हणाली.

"अगं, देवाचंच आहे. काही होत नाही."

पूजेतल्या वस्तू लगेच हलवायच्या नसतात. दसऱ्याची सुट्टी धरून कॅमेरे तसेच हळदीकुंकवात राहिले. शाळा उघडली तेव्हा वनमालाबाईंनी लोखंडी उचलला, पदराने पुसला आणि भिंगाभोवतीचं कडं फिरवलं. कर्र असा आवाज झाला आणि कडं अडकलं. हळद पाण्याबरोबर आत उतरून वाळली होती. त्यांनी जोर लावला, फुंकर मारली, पुन्हा जोर लावला. दगडाला काही होणार नाही असं म्हणालेल्या त्या, आता हातात घेऊन नुसत्या बघत राहिल्या.

तेवढ्यात अनुपमाने पिवळा उचलला, व्हरांड्यातल्या पाण्याच्या टाकीपाशी गेली आणि सरळ नळाखाली धरला.

"अगं, अगं, वाट लावशील त्याची," लताबाई धावल्या.

"पाण्यातलाच आहे ना तो." तिने बोटाने कुंकू चोळून काढलं, ओढणीला पुसला आणि डोळ्याला लावला. "मोठ्या बाई, जरा इकडे बघा." लताबाईंनी सवयीने पदर सावरला. बटण वाजलं. आत रोल नव्हता, पण ते कोणी लताबाईंना सांगितलं नाही.

संध्याकाळी दोघी स्टुडिओकडे निघाल्या. वनमालाबाई सावकाश चालत होत्या. अनुपमा दोन पावलं पुढे जायची आणि थांबायची. झवेर रोडच्या कोपऱ्यावर बाईच थांबल्या.

"अनुपमा, यंदा शिबिर तू नेशील का?"

अनुपमाने पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. एक टांगा गेला, मग म्हणाली, "तुम्ही येणार ना?"

"मला होत नाही गं आता. थकले."

"थकलात म्हणजे येणारच नाही, की येऊन खुर्चीवर बसणार?"

असं तोंडावर कोणी विचारेल असं बाईंना वाटलं नव्हतं. खरं तर खुर्ची त्यांनी मनातल्या मनात कधीच मांडून ठेवली होती, शेकोटीपासून जरा लांब, शाल पांघरून. मुली येऊन पाय चेपतील, इथवर.

"बसेन एका बाजूला. मध्ये मध्ये नाही करणार."

"तुम्ही नाही करणार हो. पण मुली करतील. मी शिट्टी वाजवली की आधी तुमच्याकडे बघतील, खरंच उठायचं का म्हणून. मागच्या वर्षी बघितलंय ना मी. तुम्ही असलात तर मला जमायचं नाही, बाई. रागावू नका."

"रागावले नाही."

"आणि पिवळाच घेऊ या. तो लोखंडी तुमच्या हातात शोभतो. मला अंतर-बिंतर मोजता येत नाही, सगळे फोटो धुरकट येतील. मग आया काय बघून सही करतील?"

"त्याचा सेल इथे मिळत नाही."

"फोर्टातून आणेन. दोन आणेन."

"उन्हात तापवू नकोस. आणि रात्री..." बाई बोलता बोलता थांबल्या. रात्री कुठे ठेवायचा ते सांगणार होत्या. पण ही मुलगी तांदळाच्या गोणीत ठेवणार नाही हे त्यांना कळत होतं. "घे. तुला हवा तो घे."

स्टुडिओत या वेळी अनुपमाच बोलली. राजारामने लोखंडी उलटा करून पाहिला आणि नखाने हळद खरवडली. "दसऱ्यानंतर असे चार-पाच येतातच. साफ होतो, काळजी नको." वनमालाबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही. शकुच्या पैशांतून पिवळा घेतला गेला, पट्टा अनुपमाच्या उंचीला लावून झाला.

भांडुपच्या खोलीवर पोचल्या तेव्हा नवरा, काशीराम, डाळीला फोडणी देत होता. संप झाला आणि गिरणी सुटली, तेव्हापासून तो एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता. संध्याकाळचं जेवण त्याच्याकडे आलं होतं. बाई भिंतीला टेकून बसल्या. आधी चहा मागितला, मग सगळं सांगितलं, खुर्चीचंही.

"पोरगी फाटक्या तोंडाची दिसता गो," काशीराम म्हणाला.

"खरं बोलली ती."

"मगे तोंड कित्याक पाडलंस? तुकाच तर सोडूचा होता."

"सोडायचंच होतं हो." त्यांनी कप खाली ठेवला. "पण मला वाटलं, थोडं थोडं सुटेल."

काशीराम डाळ ढवळत राहिला. "माझी गिरण एका दिसात सुटली. कोणी इचारूक पण नाय." मग झाकण ठेवून म्हणाला, "डिसेंबरात ते चार दिस तुझी रजा असतलीच. गावाक जाव या?"

वनमालाबाईंनी पाय लांब केले. टाचा भिंतीपासून लांबवर गेल्या, तरी गुडघा दुखायचा तो दुखलाच. येऊरला त्या चार दिवसांत पहाटे शिट्टी वाजेल, अनुपमाची वाजेल. मुली उठतील किंवा नाही उठणार. ते आता तिचं तिने बघायचं.

"गाव नको," त्या म्हणाल्या. "प्रवास नको. घरीच झोपेन म्हणते. कोणी उठवू नका तेवढं."