गोजरबाईच्या आवाजाचा मालक

पैसे मोजून घरात आणलेली वस्तू दुकानदार न विचारता परत उचलून नेतो, त्याला तुम्ही काय म्हणता? चोरच ना? मग अप्पारावला चोर म्हणायच्या आधी एवढं ऐका.

अप्पाराव उस्मानपुऱ्यातला, वाळूजच्या कारखान्यात बावीस वर्षं प्रेस मशीनवर. बायको गोजरबाई भीमगीतांच्या पार्टीत कोरसला गायची. सत्त्याण्णव साली पार्टीची कॅसेट निघाली. तिसऱ्या गाण्यात गायकाचा दम सरतो तिथं दोन ओळी गोजरबाई एकटीच उचलते. कव्हरवर मात्र गायकाचं नाव, पुढं ‘आणि संच’. त्या संचात ती.

मागच्या वर्षी गोजरबाई गेली. गाणं एका ॲपवर सापडलं. अप्पारावनं वर्षाची वर्गणी भरली, गाणं उतरवून घेतलं आणि आता मोबाइलात हायच म्हणून टेपसकट कॅसेट भंगारात दिली. रोज शिफ्टच्या बसमध्ये कानात तेच.

पहिला स्मृतिदिन पाच दिवसांवर असताना ॲपमध्ये उतरवून घेतलेलं गाणंही राखाडी झालं, दाबलं तरी वाजेना. ‘सध्या उपलब्ध नाही.’

मुलगी मेघानं कंपनीला फोन लावून त्याच्या हातात दिला.

“सर, त्या गाण्याचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेलेत. पण आपल्याकडे लाखो गाणी आहेत.”

“लाखात माझी बायको हाय का?”

“सर, नावानं शोधून बघा.”

नावानं! त्यानं भिंतीकडं भिरकावलेला फोन मेघानं झेलला. नव्या कंपनीनं तर गाणं कुठंच ठेवलं नव्हतं. विकायलासुद्धा नाही.

मग तो पीरबाजारात कडुबाच्या मोबाइल दुकानी गेला. पूर्वी कडुबा मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा.

“ते सोडलं म्या, अप्पा. गाण्यांच्या कंपनीची माणसं आली, कॉम्प्युटर उचलून नेला.”

“लई वाघ म्हणवत होतास!”

“वाघालाबी लेकरं असत्यात.”

तरी अप्पाराव काउंटरवरून हलेना. शेवटी कडुबानं शटर अर्धं ओढलं आणि जयंतीत वाजवणाऱ्या एकेका डीजेला फोन लावत बसला. चौथ्या दिवशी एक पेनड्राइव्ह आला.

स्मृतिदिनाला वंदना झाली, गाणं लावलं. गायकाचा दम सरला आणि नेमक्या त्याच जागी डीजेनं गाण्यातच भरून ठेवलेला भोंगा वाजला, डीजे स्वतःच्या नावानं गरजला.

“अबे, हट ना बाजूला!” अप्पाराव स्पीकरवरच ओरडला. दोघंतिघं हसली. त्यानं तीनदा लावून पाहिलं. तीनदा भोंगा तिच्या आवाजावर बसला.

तेव्हापासून हा माणूस घरात टिकत नाही. सुट्टी झाली की भंगाराची दुकानं पालथी घालतो.

म्हणून सांगतो, सत्त्याण्णव सालची, हिरव्या कव्हरची भीमगीतांची कॅसेट तुमच्या माळ्यावर पडली असेल तर कडुबाच्या दुकानी घेऊन या. तो गाणं उतरवून घेईल, कॅसेट तासाभरात परत मिळेल. कायद्यात बसतं का, ते मागून भांडू. आधी माळ्यावर चढा.