शालिकच्या कार्डावरची पेन्सिलची रेघ

शालिक जाऊन आज वर्ष झालं, आणि काल त्याच्या कार्डावरची रेघ परत कोणीतरी पुसली.

भुतांवर माझा विश्वास नाही. माणसांवर आहे, पण तपासून.

नांदुऱ्यातल्या मित्रांना शालिक माहीत आहेच. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडची निम्मी लग्नं त्याच्या कॅमेऱ्यातून गेली. शूटिंग तो करायचा आणि मिक्सिंगही, म्हणजे शूटिंग कापून-जोडून त्यावर गाणी चढवणं, स्वतःच, घराच्या पुढच्या खोलीत.

मी मोटारवाला. पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचो. शिकलो ते शॉक खाऊन.

माझी बायको लीला गेली आणि मी दुकानाचं शटर ओढलं. हात थरथरतो, असं लोकांना सांगितलं. खरं म्हणजे मनच लागत नव्हतं.

अशात शालिकचा फोन आला.

"बापू, कम्प्युटर लै रडून राह्यला बे. एक हळदीचं गाणं निघायले अर्धा दिवस लागते."

"मंग नवीन कार्ड घे."

"काऊन? बैल थकला म्हणून कोणी लगेच बाजारात नेते का? तू आहेस ना. पळव त्याले."

ग्राफिक्स कार्ड म्हणजे कम्प्युटरमधली चित्रं हलवणारी वेगळी पाटी. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून मला एक युक्ती कळली होती. त्या पाटीवर तिळाएवढा एक रेझिस्टन्स असतो. त्यावर साध्या पेन्सिलीची रेघ ओढली की चिपला व्होल्टेज जरा जास्त मिळतं. मग तिचा वेग वाढवला तरी ती मध्येच दम टाकत नाही. पोरं याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

(घरी करू नका. रेघ जाड झाली तर कार्डाची होळी.)

कार्ड बाहेर काढलं, मीटर लावला, श्वास धरला आणि रेघ ओढली.

हात थरथरला नाही.

गाणं चहा संपायच्या आत निघालं. शालिकनं मला अशी मिठी मारली जशी त्याच्याच घरी वरात आली.

थोडे दिवस गेले. परत फोन.

"बापू, कार्ड बसलं. चालूनच नाही राह्यलं."

जाऊन पाहिलं तर रेघ गायब. परत ओढली. परत फोन. परत गेलो.

आता पेन्सिलीची रेघ गरमीनं फिकी पडते, हे मान्य. पण ती अशी धुऊन निघत नाही.

पहिला संशय माझ्याच हातावर आला. रेघ नीट बसत नसेल तर हात खरंच गेला. दुकान बंद ठेवणं वेगळं, आणि उघडायची सोयच न राहणं वेगळं. त्या विचारानं जेवण जाईना.

मग टेबलावर भुगा दिसला. गुलाबी. खोडरबराचा.

शालिकच्या घरात शाळेत जाणारं कोणी नाही.

"शालिक, हे रबर कोणाचं बे?"

"कायचं रबर? उंदरानं कुरतडलं असन काही."

गुलाबी कुरतडणारा उंदीर अख्ख्या जिल्ह्यात मी पाहिला नव्हता.

दुसरा संशय तिथेच पक्का झाला. हा लेकाचा माझी मजा घेतोय. चार लोकांत सांगत असेल, बापूचा हात गेला म्हणून.

मी सापळा लावला. लीलाच्या फळीवर तिची काजळाची डबी तशीच होती. ती गेल्यापासून पहिल्यांदा उघडली. कार्डाच्या स्क्रूला बोटभर काजळ लावून आलो.

पुढच्या खेपेला शालिकनं चहाचा कप पुढे केला. बोट काळंशार.

"बोट काळं काऊन रे?"

"तवा घासला."

आतून कमलवहिनींचा आवाज आला, "कोणं? यायनं? तवा?"

मी चहा पिऊन घेतला. चोराला रबरासकट रंगेहाथ धरायचं होतं. त्या नादात जात राहिलो. वहिनींच्या हातची भाकर आणि ठेचा खाल्ला. खामगावच्या एका लग्नात त्याच्यासाठी लाइट धरून उभा राहिलो. मध्येच कधीतरी दुकानाचं शटरही वर गेलं.

आणि एका दुपारी शालिक जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही.

विचारायचं राहून गेलं.

मिक्सिंग आता कमलवहिनी करतात. बारसं, वाढदिवस, जमेल ते. आणि गंमत पहा, तो गेल्यावर रेघ जागची हलली नाही. म्हणजे चोर तोच. माझा संशय खरा ठरला, पण आनंद झाला नाही.

रेघ टिकली, तसं माझं तिकडे जाणंही कमी झालं. काम नाही तर जायचं कशाला?

काल वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, कार्ड बसलं."

गेलो. कार्ड काढलं. रेघ साफ पुसलेली. टेबलावर गुलाबी भुगा.

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

"वहिनी, हे कोणी पुसलं?"

त्यांनी पदरानं टेबल झाडलं. "उंदीर असन."

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्या हसायला गेल्या, आणि डोळे भरले.

"त्यायले मी लै सांगत होती भाऊजी, सरळ चहाले बोलवा म्हणून. तर म्हणत, लीला गेल्यापासून बोलावलं तर तो येत नाही. बिघडलं म्हटलं का लगेच चप्पल घालते. आता तुमी पंधरा-पंधरा दिवस दिसत नाही. मंग म्या काय करू?"

मी पेन्सिलीला टोक केलं. रेघ ओढली.

या वेळी हात थरथरला. मीटर म्हणाला, रेघ बरोबर आहे.

निघताना वहिनींना म्हटलं, "परत बसलं तर सांगा."

"बसनच," त्या म्हणाल्या.

शालिक, गड्या, सापडलास शेवटी.

तुला या मोटारवाल्याची भरल्या डोळ्यांनी आदरांजली.

आणि तुझ्या त्या गुलाबी उंदराला रामराम.