कडेची पात

गेल्या हिवाळ्यात, एका मंगळवारी, राहू गावच्या माझ्या मावशीचा फोटो पुण्याच्या एका इंग्रजी दैनिकात छापून आला. मागे ऊस, गळ्यात बाहेरून टोकदार खिळे असलेला पट्टा, दोन्ही हातांत घट्ट धरलेलं खुरपं. फोटोखाली तिच्यासाठी एकच विशेषण होतं : इंट्रेपिड.

पट्टा बिबट्यामुळे. तो मानेवर झडप घालतो, म्हणून उसाजवळ काम करणाऱ्या बायका पट्टा घालतात. मावशीच्या वस्तीवर चार घरांच्या बायका सावडीने खुरपतात. आज हिच्या कांद्यात, उद्या तिच्या. उसाला लागून असलेली कडेची पात, म्हणजे खुरपायची ओळ, कुणालाच नको असते, म्हणून ती रोज पाळीने बदलायची. फोटो आल्यापासून बदलली नाही. पेपरात आलेली बाई म्हणून ती मावशीकडेच राहिली.

पंधरवड्याने मी गेलो, तेव्हा कात्रण लॅमिनेट होऊन टीव्हीच्या वर लागलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला काका ते दाखवत. ते दूध आणायला बाहेर पडल्यावर मावशीने विचारलं, "त्या शब्दाचा अर्थ काय रं? तुझं तर पेपरातच काम हाय."

शब्द मूळचा लॅटिन आहे, फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ट्रेपिडस म्हणजे धास्तावलेला, थरथरणारा. आधी 'इन' लागला की नकार. एवढं मी सांगितलं.

"म्हंजी थरथरत न्हाई ती?" तिने कात्रणाकडे पाहिलं. "त्या फोटोवाल्यानं दोन्ही हातानं खुरपं धराया लावलं. का, ठावं हाय? एक हात सारखा हालत हुता. फोटू पुसट याया लागला."

"मग बायकांना सांग की."

"आन् ह्यांनी भितीवर लावलंय त्ये? समद्या सोयऱ्यांना दावलंय. मी भ्याले म्हणलं की ह्यांनी त्वांड कुठं दावायचं?"

"आणि नाही सांगितलंस तर?"

"मग हायच की कडंची पात. कवातरी यायाचाच त्यो बिबट्या."

सकाळी मी तिच्याबरोबर कांद्यात गेलो. शेजारीण बाकीच्या बायकांबरोबर आधीच पोचली होती. तिने उसाकडे बोट केलं.

"या पेपरवाल्या बाई, तुमची जागा राखून ठिवलीया. बिबट्यानं बी पेपर वाचला आसंल. तुमच्या वाटंला न्हाई जायाचा त्यो."

सगळ्या हसल्या. मावशीही हसली. मग तिने खुरपं खाली ठेवलं आणि उजवा हात शेजारणीसमोर लांब केला. हात थरथरत होता.

"ह्यो बघ. ऊन हाय, तुम्ही समद्या हाय, तरी बी. पेपरातल्या शब्दाचा अर्थ न थरथरणारी आसा हाय. इचार ह्याला."

शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो.

"मग इतके दिस बोलली का न्हाईस गं?"

"मोठेपणा घिऊन बसले हुते."

"लई मोठी! माझा तर पाय बी हालतो." शेजारणीने गळ्यातला पट्टा आवळला आणि उसाच्या कडेला जाऊन बसली. मावशी मधल्या पातीला लागली.

दुपारी घरी आलो, तेव्हा कात्रण टीव्हीच्या वर होतं. काकांना मावशीने सगळं सांगितलं. तरीही त्यांनी कात्रण काढलं नाही. मी निघालो त्या दिवशी कडेची पात तिसऱ्या घरच्या सुनेकडे होती.