साहेबांसाठी बुजवलेला रपटा

ज्वारी अर्धी पाखडून झाली होती, तेवढ्यात खुशालराव भाऊजी येऊन ओट्यावर बसले. भाऊजी म्हणजे यांचे चुलतभाऊ, ग्रामपंचायतीचे शिपाई. सत्तावीस वर्षं झाली नोकरीला. गावात साहेब यायचा असला की आदल्या दिवशी खड्डे बुजवायचे, कडेनं चुना टाकायचा, हे त्यांचं काम. कोणी सांगावं लागत नाही.

याही वेळी सांगितलं नव्हतं. मंगळवारच्या पुरात नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा फरशीपूल, मधोमध वाहून गेला. शुक्रवारी पंचनाम्याला तहसीलचे साहेब येणार म्हटल्यावर भाऊजींनी गुरुवारीच दोन ट्रॉल्या मुरूम टाकून तो सारखा केला. वरून चुना.

"साहेबानं इचारलं, रपटा कुठी तुटला? म्या म्हटलं, तुमची गाडी त्याच्यावरूनच आली ना!"

साहेब हसले नाहीत. नुकसान दिसत नाही, आपत्तीच्या निधीत बसत नाही, म्हणाले. बुजवण्याआधीचा, तारखेसह फोटो सोमवारपर्यंत आणा, तर पाहू.

फोटो गावभर आहेत, पण सगळे पुराचे. रपटा पाण्याखाली.

"सरपंचीणबाई चारचौघांत म्हणे, काका, चुना रपट्याले नाही, गावाले लावला तुमी." भाऊजी हसायला गेले, पण हसू आलं नाही. "वैनी, एक मोठा पाऊस आला का मुरूम गेला. नाल्यापलीकडची माया पोटुशी आहे, आठवा महिना; दवाखान्याची वाट हीच. तिले काही झालं त मी तोंड कुठी दाखवू?"

स्वामींचं नाव घेतलं आणि वही काढली. रोज चार ओळी लिहिते, त्यात बुधवार सापडला: 'पाणी उतरलं. सेविका रागिणीची नाल्यापलीकडची अंगणवाडी चुकली. खाडा पडू नये म्हणून तिनं तुटलेल्या रपट्याचा फोटो वरच्या बाईंना पाठवला.'

भाऊजी ताडकन उठले. "असंन काय तो अजून?"

"तिचा फोन जुना आहे, भाऊजी. भरला की पुसत असते ती."

ते पुन्हा खाली बसले. बोटांच्या भेगांत चुना तसाच होता. आज शनिवार, दुपार झाली, आभाळ भरून आलं आहे. रागिणीचा फोन लागत नाही.

ज्वारी सुपातच झाकून ठेवली. आता रागिणीच्या घरी जाऊन बुधवारचा फोटो पाहायचा.